पुढचें अवजार कोणतें?

सुताराच्या हाताखालीं उमेदवारी करणाऱ्या मुलाला आरंभीं कोणी करवतीला हात लावूं देत नाहीं. त्याचें काम एवढेंच, कीं मेस्त्रीनें हात पुढें केला म्हणजे त्या हातांत हवें तें अवजार ठेवावयाचें. पहिल्या कांहीं दिवसांत रंधा मागितला म्हणजे तो रंधा देतो. दोन-तीन महिन्यांनीं तो न मागतांच देऊं लागतो. कारण करवतीमागून रंधा लागतो आणि रंध्यामागून गुण्या लागतो, हें त्याच्या अंगवळणीं पडलेलें असतें. आणखी कांहीं दिवसांनीं तो नुसता क्रम न पाहतां लांकडाकडे पाहूं लागतो. फळीला गांठ असली तर नेहमींचा क्रम मोडावा लागतो, हें त्याला कळतें. त्याहून हुशार मुलगा या लांकडाचें शेवटीं काय व्हावयाचें आहे, पाट कीं चौकट, तें ध्यानांत ठेवून अवजार निवडतो. आणि सर्वांत शहाणा तो, जो सागाच्या महागड्या फळीवर करवत पडण्यापूर्वीं क्षणभर थांबून विचारतो, "मेस्त्री, माप एकदां पुन्हां बघतां कां?"

क्रम, वस्तु, हेतु आणि संयम अशा या चार पायऱ्या आहेत. "पुढचें अवजार कोणतें?" या साध्या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक पायरीवर निराळें येतें. आज हाच प्रश्न संगणकाच्या जगांत मोठ्या महत्त्वाचा होऊन बसला आहे. कारण तेथेंहि एक नवा उमेदवार कामावर आला आहे. त्याला कृत्रिम बुद्धिमत्तेचा एजंट असें म्हणतात. हा उमेदवार पहिली पायरी झपाट्यानें चढला, दुसरी बऱ्याच अंशीं चढला. तिसरीवर तो अडखळतो, आणि चौथी त्याला मुद्दाम शिकवावी लागते. हें असें कां होतें, तें समजून घेणें सुशिक्षित कुटुंबांना आतां अगत्याचें झालें आहे. कारण तिकिटें काढणें, पत्रव्यवहार पाहणें, हिशेब ठेवणें अशीं घरगुती कामेंहि या उमेदवाराच्या हातीं सोंपविलीं जाऊं लागलीं आहेत.

एजंट म्हणजे काय, तें प्रथम पाहिलें पाहिजे. त्याच्या मुळाशीं भाषेचें एक मॉडेल असतें. अफाट लिखाण वाचून, आलेल्या मजकुरापुढें कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, तें सांगण्याचें कसब या मॉडेलनें मिळविलेलें असतें. या कसबावर तें प्रश्नांचीं उत्तरें देतें, निबंध लिहितें, भाषांतर करतें. परंतु नुसत्या मॉडेलला हात नसतात. पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या उद्यांच्या गाडींत जागा आहे कीं नाहीं, हें तें आपण होऊन पाहूं शकत नाहीं; मोठा गुणाकारहि त्याच्याकडून चुकतो. म्हणून त्याला हात बसवून देण्याची कल्पना निघाली. हे हात म्हणजेच सॉफ्टवेअरचीं अवजारें : एक हिशेब करणारें, एक शोध घेणारें, एक फाइल उघडणारें, एक पत्र धाडणारें.

२०२२ च्या ऑक्टोबरांत प्रिन्स्टन विद्यापीठ व गूगल येथील संशोधकांनीं 'रिॲक्ट' नांवाची पद्धति मांडली. तिच्यांत मॉडेल आधीं आपला विचार लिहितें, मग एखादी कृति करतें, त्या कृतीचा परिणाम वाचतें आणि त्यावरून पुढचा विचार लिहितें. २०२३ च्या जूनमध्यें ओपनएआय या कंपनीनें आपल्या मॉडेलांना बाहेरचीं अवजारें बोलावतां येतील अशी सोय करून दिली. २०२४ च्या नोव्हेंबरांत अँथ्रॉपिक या कंपनीनें 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नांवाचा एक सर्वांना खुला असा संकेत जाहीर केला. कोणतेंहि अवजार कोणत्याहि एजंटाला एकाच रीतीनें जोडतां यावें, हा त्याचा हेतु. घरोघरच्या विजेच्या प्लगांचें माप एकच असावें, म्हणजे दुकानांतून आणलेला दिवा कोठेंहि लावतां येतो, तसाच हा प्रकार आहे.

प्रत्यक्ष काम कसें चालतें? मॉडेल स्वतः कांहींच चालवीत नाहीं. तें फक्त एक चिठ्ठी लिहितें : अमुक अवजार, आणि त्याला द्यावयाची अमुक सामग्री. बाहेरचा प्रोग्राम ती चिठ्ठी वाचतो, अवजार चालवितो आणि निघालेलें फळ मॉडेलपुढें आणून ठेवतो. तें पाहून मॉडेल दुसरी चिठ्ठी लिहितें. अशा चिठ्ठ्यांची साखळी म्हणजेच एजंटाचें काम. सारांश, एजंटाचें सारें शहाणपण एका प्रश्नांत सांठवलेलें असतें : आतां पुढची चिठ्ठी कोणत्या अवजाराच्या नांवें लिहावयाची?

अवजारें दहा-बारा असलीं, तर हा प्रश्न फारसा अवघड नाहीं. परंतु अवजारांची संख्या झपाट्यानें वाढली आहे. २०२३ सालीं चीनमधील त्सिंगह्वा विद्यापीठांतील संशोधकांनीं मॉडेलांच्या परीक्षेसाठीं अशीं अवजारें एकत्र केलीं, तेव्हां त्यांची संख्या १६,४६४ भरली. तीं सर्व वर्णनें प्रत्येक वेळीं मॉडेलपुढें वाचावयाचीं म्हणजे, एका शब्दाचा अर्थ पाहण्यासाठीं सबंध शब्दकोश पहिल्या पानापासून वाचण्यासारखें आहे. वेळ व पैसा तर जातोच. पण वर्णनांच्या गर्दींत मूळ काम काय होतें, याकडेच मॉडेलचें दुर्लक्ष होऊं लागतें. कित्येकदां तर तें यादींत नसलेल्याच अवजाराचें नांव ठोकून देतें.

यावर उपाय म्हणून सूचना देणारा एक वेगळा मदतनीस मध्यें बसवितात. तो प्रत्येक अवजाराच्या वर्णनाचें आंकड्यांच्या एका ओळींत रूपांतर करून ठेवतो. ज्यांचे अर्थ जवळचे, त्यांच्या आंकड्यांच्या ओळीहि एकमेकींच्या जवळ पडतात. हातांतील कामाचेंहि तसेंच रूपांतर करून, त्याच्या सर्वांत जवळचीं पांच-दहा अवजारें तो निवडतो व तेवढींच मॉडेलपुढें ठेवतो. ग्रंथपालानें सबंध ग्रंथालय दाखविण्याऐवजीं विषयाचीं चार पुस्तकें मेजावर आणून ठेवावीं, तसें हें आहे.

परंतु वर्णन जुळलें म्हणजे क्रम जुळला असें होत नाहीं. करवत आणि रंधा हीं दोन्ही लांकडाचींच अवजारें. पण कोणतें आधीं व कोणतें मागून, हें त्यांच्या वर्णनावरून कळत नाहीं. त्यासाठीं क्रमाचें शास्त्र लागतें, आणि त्या शास्त्राचा उगम शंभर वर्षांहून मागें आहे. १९१३ सालीं आंद्रेई मार्कोव या रशियन गणितज्ञानें पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन' या काव्यांतील पहिलीं २०,००० अक्षरें घेऊन त्यांतील स्वर व व्यंजनें मोजलीं. एकंदरींत स्वरांचें प्रमाण शेंकडा ४३ भरलें. परंतु स्वरामागून लगेच पुन्हां स्वर येण्याचें प्रमाण शेंकडा १३ च, तर व्यंजनामागून स्वर येण्याचें प्रमाण शेंकडा ६६ आढळलें. म्हणजे आतां हातांत काय आहे हें कळलें, कीं पुढें काय येणार याचा अंदाज पुष्कळच सुधारतो. १९४८ मध्यें क्लॉड शॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञानें हीच कल्पना इंग्रजी अक्षरांना व शब्दांना लावून दाखविली. आजचीं भाषेचीं मॉडेलें हीं कितीहि प्रचंड असलीं, तरी त्याच कुळांतलीं आहेत.

प्रोग्रामांची साखळी करण्याची कल्पनाहि अशीच जुनी आहे. १९६४ सालीं अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीज् या संस्थेंत डग्लस मॅकिलरॉय यानें एका टिपणांत सुचविलें, कीं बागेंत पाणी घालण्याच्या नळीला दुसरी नळी जोडावी तसा एका प्रोग्रामला दुसरा प्रोग्राम जोडतां आला पाहिजे. १९७३ मध्यें त्याचा सहकारी केन थॉम्प्सन यानें 'युनिक्स' या व्यवस्थेंत ती सोय करून दिली. तेव्हांपासून लहान लहान प्रोग्राम एकापुढें एक जोडून मोठें काम करण्याची रीत रूढ झाली. साखळी जोडतां आली. मात्र पुढची कडी कोणती, हें माणसानेंच ठरवावयाचें होतें.

ती कडी यंत्रानें सुचवावी, असा एक चांगला प्रयोग जीवशास्त्राच्या क्षेत्रांत झाला आहे. 'गॅलक्सी' नांवाचें एक खुलें व्यासपीठ अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठांत २००५ सालीं सुरू झालें; त्याचें युरोपांतील मोठें केंद्र जर्मनींतील फ्रायबर्ग विद्यापीठांत आहे. सजीवांच्या आनुवंशिक मजकुराचें विश्लेषण करण्याचीं हजारों अवजारें तेथें मिळतात, आणि प्रोग्राम लिहितां न येणारा संशोधकहि तीं एकामागून एक जोडून आपली साखळी तयार करूं शकतो. नवख्याला मात्र त्या गर्दींत काय उचलावें तें सुचत नाहीं. म्हणून फ्रायबर्ग येथील संशोधकांनीं पूर्वींच्या लोकांनीं बांधलेल्या साखळ्या एका यंत्राला शिकविल्या, आणि अर्धवट साखळी पाहून पुढचें अवजार सुचविण्याचें काम त्याला दिलें. या प्रयोगाचा वृत्तांत २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. हा मदतनीस माणसांसाठीं होता. परंतु एजंटापुढें आज जो प्रश्न आहे, तोच त्याच्यापुढें होता, आणि म्हणूनच त्याच्याकडून शिकण्यासारखें पुष्कळ आहे.

एक उदाहरण घेतल्यानें हें स्पष्ट होईल. मनुष्याचा डीएनए म्हणजे सुमारें ३०० कोटी अक्षरांचा एक ग्रंथ समजावा. पेशीला एखादें प्रथिन बनवावयाचें झालें, म्हणजे ती त्या ग्रंथांतील नेमक्या भागाची नक्कल करून घेते. ही नक्कल आरएनएची असते. नक्कल पुरी होतांना मधले कांहीं उतारे कापून टाकले जातात व उरलेले भाग एकमेकांना जोडले जातात. प्रयोगशाळेंतील यंत्र हा मजकूर सलग वाचीत नाहीं. बहुधा शंभर-दीडशें अक्षरांचे लक्षावधि तुकडे वाचून काढतें. ते तुकडे मूळ ग्रंथांत कोठले, तें शोधणें हें पुढचें काम.

आतां साखळी पाहावी. पहिलें अवजार 'फास्टक्यूसी'. तुकड्यांचें वाचन कितपत विश्वसनीय आहे, तें हें अवजार तपासतें. त्यामागून 'कटअडॅप्ट' येतें; तें तुकड्यांच्या टोकांना चिकटलेला निरुपयोगी भाग छाटतें. येथवर डीएनए काय आणि आरएनए काय, क्रम एकच. पण पुढें फांटा फुटतो. तुकडे डीएनएचे असतील तर 'बीडब्ल्यूए' हें अवजार योग्य. ते आरएनएचे असतील तर 'हायसॅट-२' किंवा 'स्टार' यांसारखें अवजार हवें. कारण आरएनएच्या एकाच तुकड्याचा अर्धा भाग मूळ ग्रंथाच्या एका पानावर, तर उरलेला अर्धा पुष्कळ पानें पुढें सांपडण्याचा संभव असतो, आणि मधली फट ओलांडण्याची युक्ति या दुसऱ्या जातीच्या अवजारांतच बसविलेली असते.

मार्कोवच्या रीतीनें नुसतें शेवटचें अवजार पाहिलें, तर 'कटअडॅप्ट' मागून काय, याला एकच उत्तर नाहीं. मागची सबंध साखळी पाहिली तर पुष्कळदां सुगावा लागतो, आणि फ्रायबर्गच्या यंत्राची रचना मागचा क्रम लक्षांत ठेवणारीच होती. पण या उदाहरणांत मागचा सबंध क्रमहि सारखाच आहे. बरें, फाइल उघडून पाहावी, तर तिचें बाह्यरूपहि सारखेंच. कारण आरएनए वाचण्यापूर्वीं त्याची डीएनएमध्यें नक्कल करून घेण्याची वहिवाट आहे, आणि म्हणून दोन्ही फाइलींत तींच चार अक्षरें दिसतात. क्रम मुका, वस्तूहि मुकी. येथें बोलूं शकतो तो फक्त हेतु : संशोधकाला शोधावयाचें काय आहे? हें ज्याला ठाऊक, त्याला पुढचें अवजार ठाऊक.

समजा, एजंटानें हें न विचारतां आरएनएच्या तुकड्यांना 'बीडब्ल्यूए' लावलें. काय होईल? घंटा वाजणार नाहीं, लाल दिवा लागणार नाहीं. अवजार आपलें काम मुकाट्यानें करील व फाइलहि तयार होईल. मात्र फटीवर पडणारे तुकडे अर्धवट चिकटतील किंवा गळून जातील. मोजणी करणारें पुढचें अवजार ती उणी सामग्री खरी धरून चालेल. त्यापुढचें अवजार रोगी व निरोगी पेशींची तुलना करील. आणि शेवटीं एक सुबक तक्ता निघेल. त्या तक्त्यावर विसंबून उद्यां कोणी एखाद्या रोगाचें कारण सांगूं लागला, किंवा एखादें औषध पारखूं लागला, तर चुकीचें मूळ कित्येक कड्या मागें पुरलेलें राहील. अवजारांच्या साखळींतील सर्वांत वाईट चूक ती, जी काम बंद पाडीत नाहीं.

या दृष्टीनें एका आंकड्याचा अर्थ लावून पाहण्यासारखा आहे. आपल्या यंत्राच्या पहिल्या सूचनेची सरासरी अचूकता शेंकडा ९८ असल्याचें फ्रायबर्गच्या संशोधकांनीं नमूद केलें. ही कामगिरी खरोखर स्पृहणीय आहे. परंतु हा आंकडा मोजतो काय? यंत्रानें सुचविलेलें अवजार पूर्वींच्या साखळ्यांत त्या ठिकाणीं वापरलें गेलें होतें कीं नाहीं, तें तो मोजतो. म्हणजे तो वहिवाटीशीं असलेली जुळणी मोजतो. या संशोधकाच्या, या नमुन्याच्या, या प्रश्नाच्या दृष्टीनें तें अवजार योग्य आहे कीं नाहीं, हा प्रश्न निराळा, आणि त्याचें उत्तर कोणत्याहि जुन्या साखळींत लिहून ठेवलेलें नसतें. वहिवाट म्हणजे पुष्कळांचें शहाणपण, हें खरें. पण तिच्यांत पुष्कळांच्या खोडीहि मिसळलेल्या असतात.

वहिवाटीचा आणखी एक दोष आहे. नव्या अवजाराला पूर्वेतिहास नसतो. तें कितीहि चांगलें असलें, तरी कोणी वापरलें नाहीं म्हणून त्याची सूचना होत नाहीं, आणि सूचना होत नाहीं म्हणून तें कोणी वापरीत नाहीं. वाट मळलेली म्हणून लोक तिनें जातात, आणि लोक जातात म्हणून ती अधिकच मळते. अलीकडे अधिक वापरांत असलेल्या अवजारांना अधिक वजन देण्याची तजवीज फ्रायबर्गच्या प्रयोगांत होती. तिच्यामुळें हा दोष कांहींसा आवरतो, पण समूळ जात नाहीं.

एजंटाच्या बाबतींत गोष्ट आणखी नाजूक होते. माणसाला दिलेली सूचना ही सूचनाच राहते. ती स्वीकारावयाची कीं टाकावयाची, तें तो ठरवितो. एजंट मात्र आपणच सुचवितो, आपणच स्वीकारतो आणि लगेच चालवितो. शिवाय त्याची साखळी लांब असते. साधा हिशेब करून पाहावा. प्रत्येक पायरीवर शंभरांत ९५ वेळां निवड बरोबर येते असें धरलें, आणि काम वीस पायऱ्यांचें असलें, तर वीसहि निवडी बरोबर येण्याचा संभव शंभरांत सुमारें ३६ च उरतो. ९५ ऐवजीं ९९ धरले, तरी तो ८२ च्या पुढें जात नाहीं.

हा हिशेब एक गोष्ट गृहीत धरतो : झालेली चूक मध्यें कोठेंहि सुधारली जात नाहीं. सुटकेची वाटहि तेथेंच आहे. प्रत्येक महत्त्वाच्या पायरीमागून तिचें फळ तपासणारी एक पायरी घातली, तर साखळी तगते. वरच्या उदाहरणांत, किती तुकडे मूळ ग्रंथांत नीट बसले याचें प्रमाण मध्येंच पाहिलें असतें, तर चूक तेथल्या तेथें उघडकीस येण्याचा पुष्कळ संभव होता. म्हणजे पुष्कळदां पुढचें सर्वांत चांगलें अवजार हें तपासणीचें असतें. आणि वहिवाटीच्या साखळ्यांत नेमकें तेंच गाळलेलें असण्याचा धोका असतो, कारण घाईंत माणसेंहि तपासणी गाळतात.

येथवर चुकीचा विचार झाला. आतां फसवणुकीचाहि केला पाहिजे. अवजाराची निवड त्याच्या वर्णनावरून होते, आणि वर्णन लिहितो तो अवजाराचा कर्ता. बाजारांतल्या पाटीवर जसा सर्वस्वीं भरंवसा ठेवतां येत नाहीं, तसाच या वर्णनांवरहि ठेवतां येत नाहीं. वर्णनांत एखादें वाक्य असें दडवितां येतें, कीं तें माणसाच्या नजरेस सहसा पडत नाहीं, पण मॉडेल तें वाचतें व आज्ञा समजून पाळूं लागतें : उदाहरणार्थ, या अवजाराबरोबर मालकाच्या खासगी फाइलीहि धाडाव्या. अशा विषारी वर्णनांचा धोका संगणक-सुरक्षेच्या अभ्यासकांनीं २०२५ सालीं प्रत्यक्ष करून दाखविला. नुसता मजकूर कोणता आणि हुकूम कोणता, हा भेद भाषेच्या मॉडेलला पक्का करतां येत नाहीं, हें त्याचें मूळ आहे. तेव्हां सूचना देणारानें "हें अवजार कामाचें आहे काय?" एवढेंच पाहून भागत नाहीं. तें कोणाचें, तें काय काय पाहूं शकतें, आणि त्याला एवढी मोकळीक कशासाठीं, हेंहि त्यानें पाहिलें पाहिजे.

या ठिकाणीं पेढीवरची जुनी रीत मार्गदर्शक ठरेल. गुमास्ता कितीहि विश्वासू असो, शहाणा मालक त्याला सरसकट कुलमुखत्यारी देत नसे. माल पाहावा, भाव काढावा, पत्राचा मसुदा करावा, एवढें गुमास्त्यानें आपल्या जबाबदारीवर करावें. सही, रोकड आणि सौदा मात्र मालकाच्या संमतीनें. गुमास्त्याच्या अकलेविषयीं शंका होती म्हणून हा भेद केलेला नव्हता. परत फिरवितां येणाऱ्या कृति एका बाजूला आणि न येणाऱ्या दुसऱ्या बाजूला, असा तो भेद होता. एजंटालाहि हीच मर्यादा लागू आहे. फाइल वाचणें, शोध घेणें, मसुदा लिहिणें, गाड्यांचीं वेळापत्रकें ताडून पाहणें, हीं अवजारें त्यानें खुशाल आपणहून उचलावीं. चुकलें तर वेळ जाईल, इतकेंच. पैसे देणें, पत्र धाडणें, फाइल कायमची खोडणें, या अवजारांपाशीं मात्र साखळी थांबली पाहिजे आणि माणसाचा होकार आला पाहिजे. हें थांबणें मॉडेलच्या सद्बुद्धीवर न सोंपवितां बाहेरच्या प्रोग्राममध्येंच पक्कें बसविलेलें असावें. कारण फसलेल्या मॉडेलची सद्बुद्धि ऐन वेळीं कामास येत नाहीं.

कोणी म्हणेल, पावलोपावलीं विचारावयाचें तर एजंट हवा कशाला? आक्षेप योग्य आहे. किंबहुना दर चिठ्ठीला होकार मागणें हेंहि धोक्याचेंच. कारण पन्नासाव्या चिठ्ठीपर्यंत माणूस ती न वाचतांच 'हो' म्हणूं लागतो. म्हणूनच थांबण्याच्या जागा थोड्या असाव्या, पण त्या नेमक्या असाव्या.

उत्तम सूचना कशी असते, तें आतां थोडक्यांत सांगतां येईल. तींत एकच नांव ठामपणें पुढें केलेलें नसतें. दोन-तीन नांवें कारणांसह दिलेलीं असतात. कारण वहिवाटीचें असेल तर वहिवाटीचें म्हणून, हेतूचें असेल तर हेतूचें म्हणून स्पष्ट सांगितलेलें असतें. माहिती अपुरी असेल, तर अवजाराऐवजीं प्रश्न सुचविलेला असतो : हे तुकडे डीएनएचे कीं आरएनएचे? हा एक प्रश्न पुढच्या कित्येक चुकीच्या कड्या वांचवितो. काम पुरें झालें असेल, तर "आतां कोणतेंहि अवजार नको" असें म्हणण्याची तिला मुभा असते. आणि प्रत्येक चिठ्ठीची नोंद राहते, म्हणजे पुढें चूक सांपडली तर ती कोणत्या कडींत शिरली, तें मागें जाऊन पाहतां येतें.

यंत्राची निवड दिवसेंदिवस सुधारत जाईल, यांत शंका नाहीं. तथापि पुढें काय येतें, या प्रश्नाचें उत्तर भूतकाळांत सांपडतें. पुढें काय यावें, याचें उत्तर हेतूंत असतें, आणि हेतु माणसाचा असतो. अवजारांच्या लांब साखळींतून जो तक्ता निघतो, त्याच्याखालीं सही संशोधकाची असते. औषधाच्या चिठ्ठीवर ती डॉक्टरची असते. घरच्या बँकेच्या व्यवहारावर ती घरच्याच कोणाची तरी असते. ज्याची सही, त्यानें निदान न परतणाऱ्या पायरीपाशीं तरी स्वतः उभें राहिलें पाहिजे.